नम्रताची झडप, अण्णांची झडप

मित्रांनो, रत्नागिरीत माझे खरे नाव फार थोडे लोक घेतात. "बाय, जरा नळी लाव गो छातीला," असेच मी जन्मभर ऐकत आलो. त्यामुळे कुणी नळी म्हटले तरी मला राग येत नाही. पण मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझ्या रबराला आता भेगा पडल्या आहेत आणि कानात घालायच्या दोन बोंडांपैकी एक कधीच बदलले गेले आहे. तरीही मी जे ऐकले ते मला स्वच्छ आठवते. त्यातल्या दोन माणसांविषयी आज सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला ठाऊक नाही. मिरजेतल्या एका दुकानाची काचेची पेटी मात्र आठवते. तिथून परशुराम मास्तरांनी मला घेतले. मास्तर रत्नागिरीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांची मुलगी उमा डॉक्टर व्हायला मिरजेला आली होती. दुकानदाराने तीन-चार नळ्या पुढे ठेवल्या. मास्तरांनी माझी छातीवर टेकवायची चकती बोटांनी उलटसुलट फिरवून पाहिली. तिला दोन बाजू आहेत. एक सपाट, तिच्यावर पातळ पडदा ताणलेला. दुसरी छोट्या घंटेसारखी खोलगट. चढे आवाज सपाट बाजूला चांगले ऐकू येतात आणि अगदी खालच्या सुरातले आवाज घंटेला. मास्तरांना ते फार आवडले. "हीच द्या," ते म्हणाले.

उमाताई डॉक्टर झाल्या आणि रत्नागिरीला परत आल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दवाखाना थाटला. दर गुरुवारी त्या एस.टी.ने राजापूरला जात आणि बाजारपेठेतल्या एका खोलीत रोगी तपासत. मी त्यांच्या गळ्यात असे. खोकले, ताप, म्हाताऱ्यांचे छातीतले कफ, मुलांची रडणी, किती ऐकले त्याला गणती नाही. लोक उमाताईंना दुवा देत, आणि मला वाटे, त्यातला थोडा माझाही आहे.

पण मित्रांनो, एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने माझ्या चकतीचा सांधा हळूहळू गंजला. चकती फिरेनाशी झाली. सपाट बाजू चालू होती, तिच्यावर काम भागत होते. घंटेची बाजू बंद पडली. गुरुवारी साठ-साठ रोगी असत. एक बाजू मुकी झाली आहे, याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. ती तशीच राहिली.

१९९८ सालच्या उन्हाळ्यात हौसाबाई नावाची एक बाई आपल्या सुनेला घेऊन राजापूरच्या दवाखान्यात आली. सुनेचे नाव नम्रता. वय असेल बावीस. नवरा ओमकार मुंबईत एका छापखान्यात कामाला होता. घरचे भातशेतीचे काम सासू-सुना बघत.

"हिला दम लागतो," हौसाबाई म्हणाली. "पऱ्यावरून पानी घेऊन चडाव चडली की मदीच बसते. गावातल्या बाया हसतात. कामाची चोर म्हनतात हिला."

नम्रता खाली मान घालून बसली होती. उमाताईंनी माझी सपाट बाजू तिच्या पाठीला लावली. थोडी घरघर आली. बाहेर रांग लागली होती. दम्याच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध लिहून देऊन त्यांनी तिला पाठवले. मी तिच्या हृदयावरही क्षणभर टेकलो होतो. काहीतरी सुटते आहे असे मला वाटले, पण सपाट बाजूला ते पकडता आले नाही.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी हौसाबाई पुन्हा आली. या वेळी तिने नम्रताला जवळजवळ उचलून आणले होते. नम्रताला पाचवा महिना होता. ओठ काळसर पडले होते. दोन वाक्ये बोलायला तिला चार वेळा थांबावे लागत होते.

"आडवी झोपतच नाय," हौसाबाई म्हणाली. "भिंतीला टेकून बसते. काल खोकल्यातून रगत पडला. लोक म्हनतात, पोटात पोर हाय म्हनून व्हतंय."

उमाताईंनी नम्रताची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग त्यांनी विचारले, "नम्रता, लहानपणी कधी सांधे सुजले होते का गं?"

"व्हय. आठ-नऊ वर्सांची असेन." ती थांबत थांबत सांगू लागली. "आधी घसा दुखला, ताप आला. मग गुडघा सुजला. तो उतरला, तर कोपर सुजला. दोन म्हयने चालता येत नव्हतं. तवाच शाळा सुटली."

उमाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला गळ्यातून काढले, चकतीकडे पाहिले आणि ती फिरवायला गेल्या. ती हलेना. तेव्हा त्यांनी खिडकीतल्या बाटलीतले खोबरेल दोन थेंब सांध्यावर सोडले आणि रुमालात धरून जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि कित्येक वर्षांनी माझी घंटा उघडली.

"पंखा बंद करा," उमाताई म्हणाल्या. "बाहेर कुणी बोलू नका." नम्रताला त्यांनी डाव्या कुशीवर वळवले आणि घंटा तिच्या छातीवर अलगद ठेवली.

मग मला ऐकू आले. हृदयाचा ठोका, आणि ठोक्यानंतर खालच्या सुरातली घरघर, शेजारच्या घरात कुणी जाते ओढत असावे तशी. पुन्हा ठोका, पुन्हा तीच घरघर. उमाताईंनी पुरे एक मिनिट ऐकले. मग त्या हौसाबाईसमोर बसल्या.

"हौसाबाई, हिला दमा नाही. हृदयात दारासारख्या झडपा असतात. रक्त पुढे जाताना त्या उघडतात, मग मिटतात. लहानपणीच्या त्या तापाने हिच्या एका झडपेची दोन पानं एकमेकांना चिकटलीयेत. बारीकशी फट उरलीय. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात साचतं, म्हणून दम लागतो. मागच्या खेपेला मी हे ऐकलं नाही. माझी चूक झाली."

हौसाबाईने पदर खोचला. मला वाटले, आता ती भांडणार. पण ती म्हणाली, "आता कळला ना तुला? मग आता काय करायचा, ता सांग."

त्या दिवशी उमाताईंनी नम्रताला एस.टी.त बसवले नाही. गाडी करून रत्नागिरीला आपल्या घरी आणले, फुप्फुसातले पाणी उतरायचे औषध सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीसारख्या यंत्रावर तिचे हृदय बघून घेतले. झडपेची वाट पाचातला एक हिस्साही उरली नव्हती.

ओमकार मुंबईहून धावत आला. हडकुळा, अबोल माणूस. दवाखान्याच्या बाकावर तो हात जोडून बसला. कुणीतरी त्याला सांगितले होते की मूल ठेवले तर बाई वाचणार नाही.

"डॉक्टर, पोर ऱ्हाऊ दे बाजूला. ही ऱ्हायली पायजे," तो म्हणाला.

आतल्या खाटेवरून नम्रताने ते ऐकले. "मी नाय तयार," ती म्हणाली. तिला धाप लागली, तरी तिने वाक्य पुरे केले. "दोघांचा इचार करा."

तेव्हा उमाताईंनी मुंबईला फोन लावला. डॉक्टर मुकुल मिरजेला त्यांच्या मागच्या वर्गात होते. आता ते मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात हृदयाचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "घेऊन या. छाती उघडायची गरज नाही. जांघेतल्या शिरेतून नळी घालू आणि फुग्याने झडप मोकळी करू. पोटातल्या बाळालाही त्यात कमी धोका आहे. पण आता उशीर नको."

कोकण रेल्वे त्याच वर्षी मुंबईपर्यंत धावू लागली होती. दिवसाच्या गाडीने आम्ही निघालो. नम्रताला आडवे होता येत नव्हते. ती उमाताईंच्या खांद्यावर टेकून बसली. प्रत्येक बोगद्यानंतर उमाताई मला तिच्या पाठीला लावून पाणी वर चढते आहे का ते बघत. ओमकार समोर बसून एका कागदाने वारा घालत होता. हौसाबाई कपड्यांचे बोचके मांडीवर घेऊन बसली होती.

मित्रांनो, मुंबईच्या रुग्णालयात जिथे फुगा घालायचा होता, ती खोली मी काचेतून पाहिली. उमाताईंना काचेपलीकडे उभे राहायची परवानगी मिळाली होती. आतल्या सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड अंगरखे होते. क्ष-किरण बाळाला लागू नयेत म्हणून नम्रताच्या पोटाभोवतीही शिशाचा पत्रा गुंडाळला होता. ती पूर्ण जागी होती. जांघेत फक्त बधिरतेचे एक इंजेक्शन दिले होते.

डॉक्टर मुकुलांनी शिरेतून एक बारीक तार वर सरकवली. पडद्यावर ती काळ्या दोऱ्यासारखी दिसत होती. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पातळ भिंत असते. तिला सुईने बारीक भोक पाडून तार पलीकडे गेली. तारेवरून नळी गेली आणि नळीच्या टोकाशी मिटलेला फुगा. तो फुगा झडपेच्या फटीत जाऊन बसला.

"आता काही क्षण घाबरायला होईल," डॉक्टर मुकुल तिला म्हणाले. "हलू नका. मी इथेच आहे."

फुगा भरू लागला. दोन्ही टोके फुगली, मध्ये झडपेने तो आवळून धरला होता. पडद्यावर डमरू दिसावा तसा. तेवढ्यात यंत्राचा सूर बदलला. रक्ताचा दाब खाली येऊ लागला. उमाताईंच्या हाताने माझी रबरी नळी इतकी घट्ट आवळली की माझ्यातून हवासुद्धा जाईना. आणि मग डमरूची कंबर एकदम सुटली. फुगा पूर्ण गोल झाला. लगेच त्यांनी तो मिटवून मागे ओढला. सगळे मिळून पाच-सहा सेकंद गेले असतील. यंत्राचा सूर हळूहळू पहिल्यासारखा झाला.

"नम्रता, काय वाटतंय?" डॉक्टर मुकुलांनी विचारले.

ती नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "छातीवरचा भारा कोनीतरी उतरवला वो."

एका परिचारिकेने तिच्या पोटावर यंत्र धरून बाळाचे ठोके मोजले. ते ठीक होते. नंतर डॉक्टर मुकुल उमाताईंना म्हणाले, "तुम्हीच ऐका." माझी घंटा पुन्हा तिच्या छातीवर टेकली. जाते थांबले होते. अगदी कान दिला तर थोडी घरघर उरली होती, एवढेच.

"झडप नवी झाली नाही, मोकळी झाली आहे," डॉक्टर मुकुलांनी बजावले. "तो जुना ताप पुन्हा आला तर पुन्हा आवळेल. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही."

खाली बाकावर हौसाबाई बसली होती. उमाताईंनी सांगितल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांचे रडून घेतले.

शिमग्यानंतर नम्रताला मुलगी झाली. मास्तरांनी, म्हणजे उमाताईंच्या अण्णांनी, तिचे नाव ऋजुता सुचवले. हौसाबाईच्या तोंडी ते बसेना, म्हणून ती रुजू म्हणू लागली. अण्णा म्हणाले, "तुम्ही ठेवलेलं नाव मी सुचवलेल्यापेक्षा चांगलं आहे."

पुढे ओमकारने मुंबई सोडली. रत्नागिरीत बंदराच्या धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात त्याला काम मिळाले आणि त्यांनी आमच्या गल्लीत खोली घेतली. नम्रता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनला येई. ते फार दुखते. ती ओटीवर थोडी बसून मग जाई. निवृत्त झालेले अण्णा तिथेच वर्तमानपत्र वाचत असत. एकदा त्यांनी विचारले, "तुझी शाळा कुठे सुटली?"

"तिसरीत."

"मग चौथीपासून धरू," अण्णा म्हणाले.

इंजेक्शनच्या दिवशीच नव्हे, नंतर ती रोजच येऊ लागली. रुजू ओटीवर खेळे आणि आई पाढे म्हणे. चार वर्षांत नम्रता वर्तमानपत्र वाचू लागली. सुरुवातीला एकेक अक्षर बोटाने दाबून, मग सरळ. अण्णांची नजर अधू झाली तेव्हा तीच त्यांना वाचून दाखवी. दवाखान्यातले केसपेपरही ती लिहू लागली.

२००३ च्या मार्चमध्ये अण्णा भाट्याच्या किनाऱ्यावर फिरताना चक्कर येऊन पडले. घरी आणल्यावर उमाताईंनी मला त्यांच्या छातीवर उजवीकडे, वरच्या बाजूला लावले. या वेळी घंटा लागली नाही. सपाट बाजूलाच खरखरीत, मोठा आवाज आला, ओल्या लाकडातून करवत जावी तसा. तो मानेपर्यंत चढत होता. उमाताईंनी मला कानातून काढले आणि अण्णांच्या शर्टाची बटणे लावून दिली.

अण्णांची झडप कुठल्या तापाने बिघडली नव्हती. ती वयाने झिजून, चुना साचून दगडासारखी झाली होती. ती काढून नवी बसवायला हवी होती आणि त्यासाठी छाती उघडावी लागणार होती. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. मूत्रपिंडे थकलेली. डॉक्टर मुकुलांनी सगळे कागद तपासले आणि सांगितले की हे ऑपरेशन त्यांना झेपणार नाही.

नम्रताला ते पटेना. "मग माझ्यासारका फुगा घाला ना अण्णांना!"

"तुझी पानं चिकटली होती गो, ती सुटली," उमाताई म्हणाल्या. "ह्यांची दगड झालीयेत. फुग्याने उघडली तरी थोड्या महिन्यांत पुन्हा तशीच."

नम्रता त्या दिवशी केसपेपर न लिहिताच घरी गेली.

काही महिन्यांनी एका सकाळी ती अण्णांना वाचून दाखवत होती. आतल्या पानावरच्या एका छोट्या बातमीपाशी ती अडखळली. मग मोठ्याने वाचू लागली. परदेशात छाती न उघडता, पायाच्या शिरेतून नळी घालून, हृदयात संपूर्ण नवी झडप बसवली होती. ज्यांना ऑपरेशन सोसणार नाही अशा म्हाताऱ्या रोग्यांसाठी. वाचता वाचता तिचा आवाज चढला. वाक्य संपायच्या आधीच ती आत धावली.

"ताई, हे बघा! अण्णांसाठीच हाय हे!"

उमाताईंनी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावला. मी टेबलावर होतो. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. उमाताईंचे तेवढे ऐकू आले. "हो… मोजकेच रोगी? … आपल्याकडे कधी? … इतकी वर्षं?" मग त्यांनी फोन ठेवला.

अण्णा काठी टेकत दारात येऊन उभे होते. "किती म्हणाला मुकुल?"

"सात-आठ वर्षं तरी, अण्णा."

अण्णा हसले. "म्हणजे येणार हे नक्की. मी फक्त थोडा लवकर जन्मलो."

नम्रता ओटीवर जाऊन रडू लागली. अण्णा तिच्याजवळ बसले. "रडतेस कशाला? पूर्वी तुझ्या झडपेला तरी कुठे उपाय होता? कुणीतरी पहिला फुगा घातला, म्हणून तू इथे बसून मला वाचून दाखवतेस. पुढचं वाच. पान अर्धं राहिलंय."

ती डोळे पुसून पुढचे वाचू लागली. मला ते ऐकवत नव्हते.

अण्णा आणखी दीड वर्ष जगले. शेवटच्या पावसाळ्यात एका दुपारी ते खुर्चीत बसले होते. उमाताईंनी तपासून मला गळ्यात अडकवले, तसा त्यांनी हात पुढे केला.

"दे बघू. चाळीस वर्षं फळ्यावर हृदय काढलं. स्वतःचं कधी ऐकलं नाही."

उमाताईंनी माझी बोंडे त्यांच्या कानात बसवली आणि चकती त्यांच्या छातीवर धरली. अण्णांनी डोळे मिटले. करवत चालूच होती, पण आता तिचा आवाज बसला होता. उमाताईंना त्याचा अर्थ माहीत होता: हृदयाचे बळ संपत आले होते. त्यांनी मान वळवली.

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले. आपल्या छातीवरून त्यांनी हळूच हात फिरवला, आजारी मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "बिचारं," ते म्हणाले, "किती जोर लावतंय."

त्यानंतर दोन महिन्यांनी ते जेवून खुर्चीत बसले असतानाच गेले.

पुढच्या वर्षी उमाताई आणि नम्रता राजापूर तालुक्यातल्या शाळांतून हिंडू लागल्या. उमाताई एकेका मुलाला कुशीवर झोपवून माझ्या दोन्ही बाजूंनी ऐकत, नम्रता वहीत नावे लिहून घेई. ज्याच्या छातीत घरघर सापडे, त्याच्या आईला ती स्वतःची गोष्ट सांगे आणि इंजेक्शनची तारीख पाठ करून घेई. ते माझे शेवटचे मोठे काम. आता उमाताईंकडे नवा स्टेथोस्कोप आहे आणि मी कपाटात असतो. दर महिन्याला नम्रता मला पुसते आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचा घसा दुखून ताप आला आणि मग सांधे सुजले, तर तो घरात लपवू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि सांगितलेले औषध पुरे करा. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी धावताना मध्येच बसत असेल, चढण चढताना मागे राहत असेल, तर तिला हसू नका. तिच्याबरोबर थांबा. तिचे दप्तर घ्या. आणि घरी गेल्यावर मोठ्या माणसांना सांगा, की तिला दम लागतो, आणि ती खोटे बोलत नाही.